तिसरं सीट

बालाजीनं हायब्रीड गाडी घेतली त्या दिवशी बटन दाबून तो पाच मिनिटं तसाच बसून राहिला. इंजिनाचा आवाजच येईना. गाडी विकणारा सिरियन मास्तर खिडकीपाशी उभा राहून हातवारे करत होता, की बाबा चालू आहे, जा आता. बालाजीला पटंना. नऊ वर्षं अहमदपूर-उदगीर रस्त्यावर काळी-पिवळी जीप हाकलेला माणूस तो. ती जीप चालू झाली की अर्ध्या स्टँडला कळायचं. आन् ही निस्ती मांजरासारखी पुढं सरकली.

गाडी त्यानं हौसेखातर घेतली नव्हती. इथं आखातात, मेसईदला एका खताच्या कारखान्यात तो क्रेन ऑपरेटर. सकाळी सहाला हजेरी. गेटवरची तपासणी अशी, की साध्या रांगेत पाऊण तास कुठं गेला कळत नाही. दुरुस्तीचं मोठं काम निघून बाहेरची माणसं आली की त्याच्याहून जास्त. मग कंपनीनं दोन वर्षांमागं हिरवी लेन काढली. हायब्रीड गाडी, आत तीन माणसं, तिघंही कंपनीची आणि तिघांची नावं पासावर. अशा गाडीनं कडेच्या हिरव्या पट्ट्यातून यायचं, शिपाई वाकून डोकी मोजणार, पाच मिनिटांत आत. रस्त्यावरच्या गाड्या कमी व्हाव्यात, धूर कमी व्हावा, असं नोटिशीत लिहिलेलं होतं. बालाजीला धुराचं काही सोयरसुतक नव्हतं. त्याला ती चाळीस मिनिटं पाहिजे होती.

त्याची बायको बबीता वक्र्यात एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. नव्या नर्सला पहिली दोन वर्षं रात्रपाळीच. पहाटे पाच-दहाला दवाखान्याची व्हॅन तिला दारात सोडते. लेक ईरा चार वर्षांची. बबीता आत, बालाजी बाहेर, अशी त्यांची रोजची भेट. पाच-पंधराला गाडी हलली की पावणेसहाला गेट. क्रेनचं काम उजेडातच चालतं, म्हणून बालाजीला दुसरी पाळी मिळत नाही. पास नसला तर साडेचारला घर सोडावं लागतं, कंपनीची बसही पाचच्या आतच जाते, आणि चाळीस मिनिटं लेकरू घरात एकटं.

पास मिळायच्या आधी तेही करून बघितलं होतं. ईराला झोपेत ठेवून बाहेरून कुलूप. दोन दिवस निभलं. तिसऱ्या दिवशी ती उठली. शेजारची रुकैया एरवी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला चारलाच निघते, त्या दिवशी नेमकी सुटीवर होती, म्हणून तिला ऐकू तरी आलं. आतून ईरा आणि बाहेरून रुकैया, दाराच्या फटीतून बोलत बसल्या. बबीता आली तवर पोरीचा आवाज बसला होता.

बबीतानं त्या दिवशी आरडाओरडा केला नाही. बालाजी कामावरून आल्यावर ताट वाढून दिलं आणि मग सांगितलं, "परत कुलूप लावायची येळ आली तर मी लेकीला घिऊन गावाकडं जाईन. तुमी ऱ्हावा क्रेनवर."

ही बाई बोलते तसं करते हे बालाजीला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं.

तर पास म्हणजे त्यांचं इथलं घर होतं. तो विंडशील्डला चिकटवलेला हिरवा तुकडा बालाजी रोज ओल्या फडक्यानं पुसायचा. पासावर त्याच्याशिवाय दोन नावं. एक सागर, नाशिककडचा इलेक्ट्रिशियन, नियमानं चालणारा, सीटबेल्ट लावून मगच नमस्कार घालणारा. दुसरा मुदस्सिर, मुलतानचा वेल्डर, गाडीत बसला की झोपणारा. नियम असा, की तिघांतला कोणी येणार नसला तर आदल्या रात्री आठच्या आत कळवायचं, मग त्या दिवशी साध्या रांगेतून जायची मुभा. न कळवता माणूस कमी आला की पासावर खूण. हिरव्या लेनमधून आला तरी खूण आणि साध्या रांगेत लागला तरी खूणच, कारण गाडीची जागा आत राखून ठेवलेली असते. तीन खुणा झाल्या की पास एक वर्षासाठी रद्द.

बालाजीच्या पासावर दोन खुणा झाल्या होत्या. एकदा सागरला सकाळी एकाएकी ताप भरला. एकदा मुदस्सिरची सुटी कळवायची बालाजीच विसरला. तेव्हापासून तो रोज रात्री साडेसातला दोघांना फोन लावून विचारायचा, उद्या येताय न्हवं? सागर वैतागून म्हणायचा, भाऊ, आजारी पडायचं असलं तर तुम्हाला अर्ज करून पडू का?

जानेवारीतला रविवार होता. आठवड्याचा पहिला दिवस. पहाटे धुकं असं उतरलं होतं, की समोरच्या बिल्डिंगचे दिवे दिसंनात. बबीताची व्हॅन सात मिनिटं उशिरा आली. बालाजी जिन्यातच उभा होता. तिनं डबा त्याच्या हातात दिला, त्यानं किल्ली बोटात अडकवली, एवढंच.

सागर चौकात ठरल्या जागी होता. मुदस्सिर त्याच्या बिल्डिंगखाली नव्हता. फोन केला, उचलला नाही. दुसऱ्यांदा केला, नाही. बालाजी वर जाऊन दार वाजवणार तेवढ्यात मेसेज आला. दाढ सुजलीय, रात्रभर झोप नाही, रूममधला एक जण इमर्जन्सीला घेऊन आलाय, माफ करा भाई. सोबत फोटोही पाठवला होता, गाल सुजलेला.

सागरनं फोटो बघितला आणि फोन परत दिला. पाच-एकतीस झाले होते.

"गेला म्हणायचा पास," सागर म्हणाला.

बालाजीनं गाडी रस्त्याला घातली. धुक्यात डाव्या लेनला मागून एक लँड क्रूझर लाईट मारत आली आणि अंगावरून गेल्यासारखी पुढं गेली. बालाजी मधल्या लेनमध्येच, दोन्ही हात स्टिअरिंगवर. त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं. साध्या रांगेत लागलो तरी तिसरी खूण, हिरव्या लेनमधून दोघं गेलो तरी तिसरी खूण. दुपारी घरी जाऊन बबीताला काय सांगायचं? मुदस्सिरची दाढ?

वक्रा मागं पडलं. पुढच्या बसथांब्यावर धुक्यात एक माणूस उभा दिसला. निळी डांगरी, वर जाकीट, हातात पांढरं हेल्मेट. हेल्मेटवर त्यांच्याच कंपनीचा पट्टा. एकटाच होता, म्हणजे कंपनीची बस चुकलेली.

काळी-पिवळी हाकलेल्या माणसाचा पाय कसा असतो ते सांगून कळायचं नाही. गाडीत जागा मोकळी असावी आणि रस्त्याच्या कडेला सीट उभं असावं, तर डोक्यानं विचार करायच्या आधी पाय ब्रेकवर जातो. तिथं माणसाला माणूस म्हणत नाहीत, सीटच म्हणतात. बालाजीची गाडी थांब्याला लागली सुद्धा.

सागर एकदम ताठ झाला. "भाऊ, त्याचं नाव पासावर नाही."

"डोकी मोजतेत. नावं कोन वाचायलंय?"

"आणि वाचलं तर?"

बालाजीनं काच खाली केली आणि बाहेरच्या माणसाला हिंदीत विचारलं, मेसईद? तो माणूस पन्नाशी ओलांडलेला, मिशा पांढऱ्या झालेल्या. बस चुकली, फोनची बॅटरी गेलीय, लै उपकार होतील, असं तो अर्ध्या हिंदीत सांगता सांगता मागच्या सीटवर बसला पण. बसता बसता खिशातून दहा रियालची नोट काढून पुढं केली. बालाजीनं ती मागं सारली. हिंदीतला 'लै' ऐकून त्याचा जीव जरा थाऱ्यावर आला.

"कोन्तं गाव?" म्हातारा लगेच मराठीवर आला.

"उदगीरच्या अलीकडं, लोणी."

"आरं बाबा. आमी गेवराईकडचे. मामाचं गाव?"

आता आमच्याकडं दोन अनोळखी माणसं भेटली की चौकशीची एक रीत असते. आधी गाव. मग मामाचं गाव. मग सासुरवाडी. मग शेत कोरडवाहू का पाण्याखालचं, लेकरं किती, इथं किती वर्षं झाली. म्हाताऱ्यानं तीच रीत धरली. बालाजीची सासुरवाडी देवणीची निघाली, तर म्हाताऱ्याची मावसबहीण देवणीतच दिलेली. दहा मिनिटांत त्यानं बालाजीचं सगळं खानदान उलगडून परत घडी घालून ठेवलं. लेक एकच? एकच. बायको नोकरीला? नर्स. मग तर आपण पाव्हणेच झालो, म्हणून म्हातारा मागं टेकला. तो कूलिंग टॉवरकडं पेंटर होता, बावीस वर्षं झाली होती त्याला.

बालाजीनं त्याला पासाचं सांगितलं. तीन माणसांचा नियम, दोन खुणा, तिसऱ्याची दाढ. तुम्ही निस्तं बसून राहा, डोकं मोजतील आणि सोडतील. घरचं काही सांगितलं नाही. पण म्हाताऱ्याला आवाजावरून कळलं असावं. त्यानं हेल्मेट मांडीवरून उचलून डोक्यावर घातलं आणि सावरून बसला.

सहाला पाच कमी असताना गेटचे पिवळे दिवे धुक्यात दिसले. साधी रांग पार वळणापर्यंत गेली होती. हिरव्या पट्ट्यात चारच गाड्या. बालाजीनं गाडी पट्ट्यात घेतली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आज शिपाई नाही, सुपरवायझर खलील स्वतः उभा आहे. हातात टॅबलेट, बरोबर दुसरा गार्ड. पुढच्या गाडीतल्या तिघांची कार्डं तो एकेक करून बघत होता.

"उलटं फिरा," सागर दबक्या आवाजात म्हणाला.

मागं दोन गाड्या येऊन लागल्या होत्या. फिरायला जागाच नव्हती.

खलील पेशावरचा, उंचापुरा, रोज हसून सलाम घेणारा. आज हसला नाही. रस्त्यावरनं कोणालाही उचलून लोक हिरव्या लेनमध्ये घुसतात अशी तक्रार आली होती, हे त्यानं आपणहून सांगितलं. पैसे घेऊन आणलेला माणूस निघाला तर गोष्ट कंपनीच्या बाहेर, पोलिसांत जाईल, हेही सांगितलं. मग वाकून मागं बघितलं. मुदस्सिरला तो ओळखत होता. हा मुदस्सिर नव्हता.

ये कौन है, असं त्यानं बालाजीला विचारलं. बालाजीनं मुदस्सिरच्या सुजलेल्या गालाचा फोटो पुढं केला. सागर सरळ समोर बघत बसला, जसा काही तो या गाडीत नव्हताच.

तेवढ्यात मागून म्हातारा बोलला. "हम इनका ससुर है. हमारे जमाई का गाडी है."

बालाजीला कळलं हे कुठून आलं ते. आमच्या रस्त्यांवर जीप जास्त भरलेली असली आणि पुढं पोलीस दिसला, की ड्रायव्हरनं सांगायची गरज पडत नाही. मागं बसलेली माणसंच ठरवून टाकतात, की आपण समदे एका घरचे, सोयरिकीला चाललोत. एकमेकांना कधी न बघितलेली बाई आणि बाप्या बहीण-भाऊ होतात. म्हाताऱ्यानं बावीस वर्षांनी, मेसईदच्या गेटवर, तोच धर्म पाळला होता.

खलीलनं भुवया उचलल्या. "अच्छा? जमाई का नाम बताओ, चाचा."

काचेवरून वायपर एकदा फिरला, परत फिरला.

गाव विचारलं होतं. मामाचं गाव, सासुरवाडी, शेत, लेकरू, सगळं विचारलं होतं. नाव विचारायचं राहून गेलं होतं. आमच्याकडं ते नेहमीच राहून जातं. पाव्हण्याचं नाव घेऊन करायचंय काय?

म्हातारा डगमगला नाही. "हमारे में जमाई का नाम नहीं लेते. पाव्हणं बोलते."

खलीलला ते खरंही वाटलं असेल. मग म्हणाला, "बेटी का नाम तो लेते हो?"

आणि परक्या माणसाला त्याच्या बायकोचं नाव तर कोणी विचारतच नाही. म्हातारा हेल्मेटचा पट्टा चाचपू लागला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

खलीलनं हॉर्नकडं लक्ष दिलं नाही. तो केबिनमध्ये जाऊन एक कागद घेऊन आला. म्हणाला, नियमात एक सोय आहे. पासावरचा माणूस आजारी पडला तर त्याच्या जागी दुसरा कामगार चालतो, पण तो ड्रायव्हरच्या ओळखीचा, घरचा पाहिजे. या कागदावर ड्रायव्हरनं आणि त्या माणसानं दोघांनी सही करायची. खूण लागणार नाही. मात्र लिहिलेलं खोटं निघालं तर दोघांचीही गेट-कार्डं जमा, त्याच दिवशी. त्यानं कागद आणि पेन खिडकीतून आत दिला, आणि बालाजीच्या तोंडाकडं बघत उभा राहिला.

म्हाताऱ्यानं मागून हात लांब केला. "आना इकडं. पयली मी करतो."

बालाजीनं कागद सोडला नाही. सही केली तर पास राहतो. बबीता राहते, ईरा राहते. खलील उद्या कागदपत्रं मागंल की नाही, कोणाला ठाऊक? मागितली तर बबीताच्या पासपोर्टात तिच्या बापाचं नाव लिहिलेलंच आहे. पण कदाचित मागणारही नाही. म्हातारा तर पेनासाठी बोटं हलवत होता. त्या बोटांच्या नखांत रंग बसलेला होता, करडा, कूलिंग टॉवरचा. बावीस वर्षांचा. ह्याला आपण घटकाभरामागं रस्त्यावरून उचललंय. सीट एकदा गाडीत बसलं की ते पोचवायची जिम्मेदारी ड्रायव्हरची, एवढा एकच कायदा बालाजीनं नऊ वर्षं पाळला होता.

"सर," तो खलीलला म्हणाला, "ये हमारे ससुर नहीं हैं. बस छूट गई थी, रास्ते से लिया. पैसा नहीं लिया."

खलीलनं म्हाताऱ्याकडं बघितलं. पैसे देत होतो पण घेतले नाहीत, असं म्हाताऱ्यानं मान खाली घालून सांगितलं. खलीलनं कागद परत घेतला, चार घड्या करून खिशात घातला. बाहेर कुठं कळवणार नाही म्हणाला. मग टॅबलेटवर बोट ठेवलं. तिसरी खूण त्यानं केली असंही म्हणता येत नाही, यंत्रानंच पास लाल करून दाखवला. दुसऱ्या गार्डनं छोटी पाती आणली आणि विंडशील्डवरचा हिरवा तुकडा खरवडून काढला. काढायला वेळ लागला. चांगला चिकटवलेला होता.

सागर उतरून पायी गेटातून आत गेला. जाताना दार हळू लावलं. म्हाताऱ्यालाही खलीलनं पायी सोडलं होतं, पण तो उतरला नाही. बालाजीनं गाडी वळवून साध्या रांगेच्या शेपटाला आणून लावली. गाडी बॅटरीवर, आवाज नाही. धुकं तसंच.

रांग दोन गाड्या पुढं सरकल्यावर म्हातारा म्हणाला, "कामून बोल्लात? मी सही करायलो होतो की."

"तुमच्या कार्डावर माझी लेक संबाळू व्हय?"

म्हाताऱ्याला लेकीचा काय संबंध ते कळलं नाही, म्हणून बालाजीनं मग सगळं सांगितलं. कुलूप, रुकैया, बबीता, पाच-दहाची व्हॅन. सांगून झाल्यावर म्हाताऱ्यानं हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

"नाव काय तुमचं?" त्यानं विचारलं.

"बालाजी."

"मी आबासाहेब."

दोघं सहा-पन्नासला आत पोचले. दोघांच्याही नावावर उशिराची नोंद पडली.

दुपारी बालाजी घरी आला तेव्हा बबीता नुकतीच उठली होती. चहा ठेवलेला. ईरा खाली फरशीवर रंगाच्या कांड्या मांडून बसली होती. बालाजीनं बूट काढायच्या आधीच सांगायला सुरुवात केली, कारण बूट काढून बसला असता तर सांगणं झालं नसतं. दाढेपासून पातीपर्यंत सगळं सांगितलं. आबासाहेबानं स्वतःला सासरा म्हणवून घेतलं तेही सांगितलं.

"माजा बाप मरून सा वर्सं झाली," बबीता म्हणाली. "त्याला तुमी मेसईदला कामाला लावला व्हय?"

बालाजीला हसू आलं आणि ते अर्ध्यातच राहिलं. बबीता हसली नव्हती. तिनं चहा गाळला, दोन कप केले, एक त्याच्यापुढं सरकवला.

"सही केली असती तर?" तिनं विचारलं.

"तर आज काई झालं नसतं."

"आन् उद्या?"

बालाजीनं खांदे उडवले. कपातला चहा तसाच होता. तिनं आणखी काही विचारलं नाही. सही का केली नाही, हेही नाही. मोबाईल घेतला आणि दवाखान्याच्या मेट्रनला फोन लावला. इंग्रजीत, सरळ, पेशंटची माहिती सांगावी तसं. नोकरी सोडतेय, नोटीस एक महिन्याची, पण अठरा दिवसांची रजा शिल्लक आहे, ती त्यात धरा, आणि राहिलेले दिवस मला दिवसाची पाळी द्या, नाहीतर मी उद्यापासून येत नाही. पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं. बबीता ऐकत राहिली, आणि शेवटी ओके, थँक यू म्हणून तिनं फोन ठेवला.

"बारा दिवस दिवसपाळी," ती बालाजीला म्हणाली. "आठ ते चार. तुमी साडेचारला निगा, मी सातला ईराला नर्सरीत सोडते. बारा दिवसांत हिची गावच्या शाळेची चौकशी करून ठिवा. तिकीट शुक्रवारचं बगा."

बालाजीनं मान हलवली. आता शुक्रवार कोणता ते मोजायचं राहिलं होतं, ते त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरावर बोट ठेवून मोजलं.

ईरानं कांडी हातात धरून वर बघितलं. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते ती नर्सरीतलं इंग्रजी. "इज पप्पा कमिंग?"

"न्हाई," बबीता म्हणाली, आणि तिच्यासाठी दूध गरम करायला उठली.